चाकोरीच्या मापाची गाडी

थावरू हवालदारांना माणसाचं तोंड आठवायचं नाही, पण त्याच्या गाडीचं पोट आठवायचं. कनेरगाव नाक्यावर कुणी रामराम घातला की हे गोंधळून बघत राहायचे. मी हळूच सांगायची, दादा, ते हट्ट्याचे जीपवाले. मग चेहरा खुलायचा. "अच्छा, तो! चाकावरच्या मोडक्या कमानपाट्याला तार बांधून फिरून राहिला होता, तो."

बाजाराच्या दिवशी नाक्यावर जेवढ्या जीपा, टेम्पो उभे राहायचे, त्या सगळ्यांच्या खाली हे मिलिट्रीतून आलेले हवालदार एकदा तरी झोपून आलेले. खांद्यावरचा गमछा जमिनीवर टाकायचा, पाठ टेकायची आणि सरकत आत जायचं. मालक धाब्यावर चहा पीत असायचा आणि त्याला आपल्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसायचे. एका ड्रायव्हरनं तर बोंबच ठोकली की माणूस चिरडला. लोक धावले. हवालदार खालूनच म्हणाले, जिंदा हाय, ओरडू नका, तुमचं तेल गळून राहिलं ते बघा.

"वरून समद्याच चांगल्या दिसतेत, बाई. खालून बघायचं," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. गाडीबद्दलच नाही, कशाबद्दलही.

मी तांड्यावरची अंगणवाडीची बाई. सातवीपर्यंत शाळा, पुढचं जे काय शिकले ते रजिस्टरं भरता भरता. माझं गाव नाक्यापासून आत, आणि तांडा माझ्या गावापासून आणखी पाच किलोमीटर. मधे एक नाला. म्हणून त्याला नाल्यापलीकडचा तांडा म्हणत. सकाळी पायी जायचं, दुपारी पायी यायचं, अशी एकोणतीस वर्षं केली मी. तेव्हा आपला जिल्हा परभणी होता, हिंगोली नुसता तालुका. तांड्याच्या रस्त्याला रस्ता म्हणणं म्हणजे मन मोठं करून बोलणं. काळी माती. उन्हाळ्यात भेगा पडायच्या, पावसाळ्यात चपला हातात घ्यायच्या आणि पाय जिथं जाईल तिथं जाऊ द्यायचा. आषाढ लागला की बैलगाडीशिवाय काही चालायचं नाही, आणि नाला भरला की तीसुद्धा नाही. माणूस आजारी पडला तर बाजेला दोन बांबू बांधायचे, चार गडी खांद्याला, चार बदलीला, आणि निघायचं नाक्याकडं.

हवालदारांची बायको अशीच बाजेवर गेली. दुसऱ्या बाळंतपणाला, नाल्याच्या मधोमध. हे तेव्हा लडाखला मिलिट्रीचा ट्रक चालवत होते. तार पोहोचली तेव्हा घरचं सगळं आटोपून गेलेलं. मागं एकटी मुलगी जमना राहिली, तीन वर्षांची, ती चुलतीनं वाढवली. हवालदार नोकरी संपवून परत आले ते नव्वदीच्या सुरुवातीला, तेव्हा जमना माझ्या अंगणवाडीतून केव्हाच निघून चौथीत गेलेली.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा बसायला पोतं टाकलं. बघते तर घरात बाज नाही. पाहुणा आला तरी जमिनीवर, स्वतः आजारी पडले तरी जमिनीवर. पाहुणे कुरकुरायचे की मिलिट्रीत राहून आला आणि घरात साधी बाज नाही. का नाही, ते मला जमनाच्या चुलतीनं सांगितलं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. बायकोबद्दल त्यांच्या तोंडून मी एकच वाक्य ऐकलं. नाईकाच्या ओट्यावर सगळा तांडा बसला होता, सगळ्यांनी मिळून तांड्यासाठी गाडी घ्यायची की नाही यावर बोलणं चाललं होतं, तेव्हा म्हणाले, "आपले पणजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले. रस्ता नव्हता तिथून रस्ता काढला. आन आपल्या बायका रस्ता न्हाई म्हणून मरून राहिल्या."

रूपला नाईक म्हातारे, तांड्यात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, थावरू गाडी पाहील. घरटी वर्गणी ठरली. तरण्या पोरांच्या मनात शहरातल्यासारखी पडदे लावलेली, टेपवाली गाडी होती, दिवसा नाक्यावर सीटा भरायला आणि लग्नात मिरवायला. हवालदारांनी सांगितलं, गाडी मोठी पायजे, आत माणूस आडवा झोपला पायजे, आणि चारी चाकांना जोर पायजे. नुसती मागची दोन चाकं ढकलणारी गाडी आपल्या चिखलात पहिल्याच पावसाला बसंल.

इथवर सगळ्यांना पटलं. पण हवालदारांचं खरं म्हणणं याच्याही पुढचं होतं, आणि ते त्यांनी मला माझ्याच पाटीवर खडूनं काढून दाखवलं. त्यांच्या खिशात एक सुतळी असायची, दोन गाठी मारलेली. एका गाठीपासून दुसरीपर्यंतचं अंतर म्हणजे आमच्या रस्त्यावरच्या दोन चाकोऱ्यांमधलं अंतर. काळ्या मातीत रस्ता माणूस बनवत नाही, म्हणाले, बैलगाडी बनवते. पिढ्यान् पिढ्या त्याच दोन चाकोऱ्यांतून चाकं जातात, तिथली माती खाली दाबून घट्ट होते. पावसात जोर धरणारी जमीन तेवढीच. गाडीची चाकं बरोबर त्यात बसली तर चारी चाकं ओढतील. नाही बसली, तर एक बाजू चाकोरीत, दुसरी उंचावर, गाडी कलती, आणि मग चार चाकं काय, आठ लावा.

मला ते इतकं पटलं की मी घरी येऊन आमच्या मालकांना पाटीवर काढून दाखवलं. ते म्हणाले, आता तू बी गाड्यांच्या खाली झोपू नको म्हणजे झालं.

गाडी पाहायला हवालदारांनी वर्षं लावली. महिने नाही, वर्षं. नांदेडला जा, अकोल्याला जा, कुणी म्हणालं अमुक ठिकाणी मोठी गाडी विकायची आहे की हे दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं हजर. विकणारा रंग दाखवायचा, सीटचं रेक्झीन दाखवायचा. हे तोवर गाडीखाली. पुढच्या चाकांकडं जाणारा दांडा आहे का बघायचे. नसला तर बाहेर येऊन कपडे झटकायचे आणि एक शब्द न बोलता चालायला लागायचे. एका व्यापाऱ्यानं म्हणे मागून विचारलं, अहो, काय झालं ते तरी सांगा. हे म्हणाले, नवरदेव लंगडा हाय.

नवरदेवावरून आठवलं. जमनाला पाहुणे पाहायला आले, पसंती झाली, मग हे मुलाकडं गेले. मुलगा कुरुंद्याच्या बाजूचा, घर डांबरी रस्त्याला लागून, थोडी हळद, दोन म्हशी. चहापाणी झालं. हवालदार मुलाला म्हणाले, चपला काढा आणि तळपाय दाखवा. मुलाचे काका तडकले, की आम्ही काय बैल विकायला काढलाय? मुलगा समजूतदार होता, त्यानं हसत हसत दोन्ही पाय पुढं केले. भेगाळलेले, हळदीनं पिवळे. हवालदार म्हणाले, बस, झालं, तारीख काढा. परत येताना नाईकांनी विचारलं, तोंड तरी बघितलं का पोराचं? तर म्हणाले, जमना बघंल की.

सगळ्यात जास्त बोललं गेलं ते मिलिट्रीच्या जुन्या गाड्यांच्या लिलावाबद्दल. नाईक स्वतः बरोबर गेले होते, त्यांनीच मला सांगितलं. तिथं एक ट्रक होता, हवालदारांनी लडाखला चालवला त्याच जातीचा. उंच, पोटाखालून शेळी उभी निघून जाईल असा. चारी चाकांना जोर. हवालदार त्याच्या बॉनेटवर हात फिरवत उभे राहिले आणि त्याच्याशी गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, बोलायला लागले. माझ्याशी मराठी, नाक्यावर हिंदी, घरात गोरमाटी, आणि गाडीशीसुद्धा गोरमाटीच, असं त्यांचं होतं. नाईकांना वाटलं, जमलं. आता हा ट्रक घेऊनच जायचा.

मग हवालदारांनी सुतळी काढली. ट्रक वीतभर जास्त रुंद निघाला.

नाईक म्हणाले, "थावरू, वीतभरच तर हाय."

"वीतभरानंच माणूस मरते, नाईक."

आणि आले परत. रिकाम्या हातानं. तांड्यात पोरांनी तोंडं वाकडी केली. परसराम म्हणजे त्यांचा पुतण्या, जमनाच्या चुलतीचा मुलगा, तो तर उघड म्हणायला लागला की काकांना गाडी घ्यायचीच नाही, त्यांना नुसतं बघत फिरायचंय. त्या पावसाळ्यात तांड्यातली दोन माणसं बाजेवर न्यावी लागली, एकच परत आला. पण सुतळी काही हवालदारांच्या खिशातून गेली नाही.

गाडी शेवटी सापडली ती हिंगोली जिल्हा झाला त्या साली. एका धरणाचं काम संपलं होतं, तिथली साहेब लोकांना चिखलातून आतबाहेर करणारी मोठी व्हॅन विकायला निघाली. पांढरी, लांब, बारा माणसं बसतील अशी, सीटा काढल्या तर दोन माणसं आडवी झोपतील. चारी चाकांचा जोर. आणि चाकांमधलं अंतर? हवालदारांनी आधी मागची चाकं मोजली, मग पुढची, मग पुन्हा मागची. गाठीला गाठ.

तांड्यात गाडी आली तेव्हा बायकांनी ओवाळली. मला पुढच्या सीटवर बसवून नाल्यापर्यंत नेऊन आणलं. खरं सांगते, मी विमानात बसले नाही, पण विमान काही याहून वेगळं नसणार असं वाटलं.

पहिले दोन पावसाळे त्या गाडीनं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. नाल्याला मांडीभर पाणी, त्यातून गेली. सर्प डसलेला माणूस तासाच्या आत हिंगोलीला पोहोचवला, तो अजून आहे. चार बाळंतिणी नेल्या, चारही लेकरं घेऊन परत. चाकं चाकोरीत बसायची आणि व्हॅन अशी जायची जशी रुळावरून. लोक हवालदारांच्या पाया पडायला लागले. आणि हवालदार, काय सांगू, हवालदार बदलले. वाईट झाले असं नाही. पण आधी ते जमिनीला विचारून पाऊल टाकणारे, आता जमिनीला सांगायला लागले. कुणी म्हणालं आज पाऊस फार आहे, तर म्हणायचे, पाऊस पावसाच्या जागी, गाडी गाडीच्या जागी. आणि नाक्यावर आता दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपायचं त्यांनी सोडून दिलं.

तिसऱ्या वर्षी परसरामनं ट्रॅक्टर घेतला. चालवायला हवालदारांनीच शिकवलं त्याला. उन्हाळाभर ट्रॉलीतून मुरूम, विटा, सिमेंट, नंतर खताची पोती. पहिला पाऊस पडला तरी त्याच्या फेऱ्या चालूच. हवालदारांनी त्याला एकदा सांगितलं, ओलीवर ट्रॉली घालू नको. तो व्हय म्हणाला आणि घालत राहिला. पाठोपाठ दुसऱ्या घरीही ट्रॅक्टर आला.

मी पायी जाणारी. जे चाकावर बसून दिसत नाही ते पायाला कळतं. चाकोऱ्या रुंद होऊन राहिल्या होत्या, आणि खोल. दाबलेली माती मधे उसळून यायची. आधी मधला वरंबा माझ्या घोट्याला लागायचा, आता पोटरीवर चिखल येत होता. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण पाटीवरचं ते चित्र माझ्या डोक्यात होतं. मी एक दिवस बोलले. दादा, मधली माती फार वर आली बघा, एकदा मोजून घ्या.

ते दारात बसून गाडीचा आरसा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, तुमी लेकरांची वजनं करा. रस्त्याचं मी बघतो."

मला लागलं ते. आपण कोण, अंगणवाडीची बाई, तेही खालच्या गावातली. पुन्हा तो विषय मी काढला नाही. तेव्हा वाटलं, मोठ्या माणसाचा मान राखला. आज वाटतं, मी माझाच मान राखला.

त्याच आषाढात जमना पहिल्या बाळंतपणाला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडं सगळ्यांचं आहे, तुमचं आमचं असं काही नाही त्यात. पण तिच्या सासरच्यांनी निरोप धाडला होता की पोरीला इथंच राहू द्या. दारात डांबरी रस्ता, वसमतचा दवाखाना जवळ, पावसाचे दिवस, कशाला तकलीफ? निरोप घेऊन जावई स्वतः आला होता, तोच पिवळ्या तळपायांचा. हवालदार त्याला म्हणाले, मग माझी गाडी कशासाठी हाय? दुसऱ्यांच्या पोरी नेऊन राहिलो आणि माझी पोर मी सासरी ठेवू? जावई माझ्याकडं बघायला लागला. मी अंगणवाडीची बाई, बाळंतपण कुठं करावं हे सांगायचं माझं कामच होतं. मी म्हणाले, पोरीला माहेर लागतंय, येऊ द्या.

जमना आली तशी घर भरून गेलं. तोंडानं फटकळ, हसायला मोकळी. बापाच्या खिशातली सुतळी काढून पोटाला लावायची आणि म्हणायची, "बा, माझं बी माप घ्या. गाडीत बसंल का न्हाई मी?" हवालदार लाजायचे. मिलिट्रीतला माणूस, पण लेकीपुढं अगदी लेकरू. तिच्यासाठी गाडीतल्या मधल्या सीटा काढून गादी घातली होती, खिडकीला चुलतीच्या लुगड्याचा पडदा. ती आल्यापासून गाडी काही बाहेर काढावी लागली नव्हती. कुणी आजारी पडलं नाही. तीन आठवडे दारात उभी, रोज पुसलेली.

श्रावणातली सकाळ होती. रात्रभर पडून पाऊस थांबलेला. मी तांड्यावर पोहोचले तर हवालदारांच्या दारात बायका जमलेल्या. पहाटेपासून कळा सुरू होत्या आणि सुईणीनं हात झटकले होते, म्हणाली आडवं आहे, माझं काम नव्हे. हवालदार शांत होते. उलट, मला तर ते खूष दिसले. या दिवसासाठी तर सगळं केलं होतं. जमनाला गादीवर निजवलं, मी आणि चुलती आत बसलो, गाडी निघाली.

तांडा सुटून पाव किलोमीटर गेली असेल. पुढचा भाग खाली बसल्यासारखा झाला, मग पोटाखालून खरखर आवाज आला, आणि गाडी थांबली. हवालदारांनी जोर दिला. मी दार उघडून बाहेर पाहिलं. चारही चाकं फिरून राहिली होती. चारही. चिखल उडत होता, इंजिन ओरडत होतं, आणि गाडी जागच्या जागी. ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत चाकं पार बुडाली होती आणि गाडीचं पोट मधल्या वरंब्यावर टेकलं होतं. जमिनीवर पोट टेकलेल्या गाडीला चार चाकं असली काय आणि नसली काय.

हवालदार उतरले, गमछा टाकला आणि खाली शिरले. हातानं माती उकरायला लागले. परसरामचा ट्रॅक्टर आदल्या दिवशीपासून नाक्यावर दुरुस्तीला, दुसऱ्या ट्रॅक्टरला निरोप धाडला तर तो नाल्यापलीकडं अडकलेला. तोवर नाईक येऊन पोहोचले. म्हातारा माणूस, चिखलातून काठी टेकत आला, मागं आठ गडी, आणि त्यांच्या खांद्यावर नाईकांची स्वतःची बाज, बांबू बांधलेली.

नाईक खाली वाकून म्हणाले, थावरू, पोरीला बाजेवर घेऊ. खालून आवाज आला, बाज न्हाई. पाच मिन्ट.

पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. बाज चिखलात टेकवून गडी उभे. हवालदारांनी उकरलेली माती बाहेर येत होती आणि तितकीच पुन्हा आत सरकत होती. मी म्हणाले, दादा, आता उशीर नको. खालून तेच, पाच मिन्ट, बाई. मी पुन्हा म्हणायला हवं होतं. ओरडायला हवं होतं, पाय धरून ओढायला हवं होतं त्यांना. मी आत जाऊन जमनाचा घाम पुसत बसले.

मग जमना स्वतःच बोलली. आवाज राहिला नव्हता तिच्यात, पण खाली ऐकू गेलं असणार, फळीच तेवढी मधे.

"बा, बाजेवर घ्या मला."

खालचं उकरणं थांबलं. मला वाटलं, निघाले आता. मग खालून आलं, "निघतेच गाडी, बेटा. निघतेच." आणि पुन्हा उकरायला लागले.

तास तरी गेला असेल. शेवटी नाईकांनी आम्हाला हातानं खूण केली, की त्याला विचारू नका, उचला. आम्ही तिला उतरवलं, बाजेवर घातलं, गडी निघाले. हवालदारांना खालून नुसते पाय दिसले असतील. ते नाल्यापाशी आम्हाला गाठायला आले, डोक्यापासून चिखल. खांदा द्यायला पुढं झाले तर गड्यांनी दिला नाही. पाय घसरून राहिला होता त्यांचा. मग ते बाजेच्या बाजूनं चालत राहिले, एक हात बाजेच्या कडेला. नाक्यावर जीप मिळाली. हिंगोली दिसायला लागलं तेव्हा जमनाचा हात माझ्या हातात होता, आणि तो गार पडला. डॉक्टरांनी पाहिलं, मान हलवली. मूलही गेलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. ओट्यावर माणसं बसली होती. परसराम मधेच म्हणाला, "काका, त्या टायमाला तो मिलिट्रीचा ट्रक घेतला असता तर तो अडकला नसता. उंच होता."

ज्याच्या ट्रॅक्टरनं रस्ता फाडला त्यानं हे म्हणावं. आणि एकालाही वाटलं नाही की याला गप्प करावं. मलाही नाही. कारण ते खरंच होतं ना. हवालदारांनी त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, बराबर हाय.

व्हॅन तिथंच राहिली. पाऊस गेला, माती वाळली, आणि चाकं विटेत चिणल्यासारखी अडकली. हवालदार तिला हात लावीनात आणि त्यांना विचारल्याशिवाय दुसरं कुणी लावीना. बैलगाड्या, ट्रॅक्टर बाजूनं जायला लागले. बाजूनंच वाट पडली. दोन वर्षांनी कुणी भंगारवाला आला, तुकडे करून घेऊन गेला. पुढं सडक मंजूर झाली तेव्हा मापं घेणाऱ्या लोकांनी आहे तीच वाट धरली. आज तुम्ही त्या तांड्यावर गेलात तर सपाट माळावर रस्ता एका ठिकाणी उगाच वळसा घेतो. नव्या लोकांना वाटतं, ठेकेदारानं चुकवला.

हवालदार त्यानंतर सात-आठ वर्षं होते. गाडी चालवली नाही, गाडीत बसलेही नाहीत. नाक्याला जायचं तर पायी. पण एक नवंच सुरू झालं. तांड्यात, आसपासच्या वाड्यांत कुणाची पोर बाळंतपणाला आली असं कळलं की हे त्या दारात जाऊन बसायचे. पाणी नको, चहा नको. एकच म्हणणं, हिला हिंगोलीला नेऊन ठेवा. आधी लोक ऐकून घ्यायचे. मग टाळायला लागले. डांबरी झाली, जीपा दारात यायला लागल्या, तरी हे यायचेच. मग बायका त्यांना पाहून दार लोटायला लागल्या. ज्याची पोर अशी गेली त्यानं भरल्या घरात येऊन बसू नये, असं म्हणायच्या. मी त्यांना रागवायची. असल्या गोष्टी मानू नयेत म्हणून मी तीस वर्षं तांड्यात डोकं फोडलं. आमच्यात तर हे मुळीच मानत नाहीत. तसं मी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलेलं आहे.

मग माझी नात आली बाळंतपणाला. मी रिटायर झाले होते. चैत्राचं ऊन, आणि हवालदार पाच किलोमीटर चालत माझ्या दारात. पायरीवर बसले. मी म्हणाले, दादा, आता काय काळजी, डांबरी आहे, आमच्या नातजावयाची स्वतःची गाडी दारात उभी आहे.

ते म्हणाले, "माझ्याकडं बी गाडी होती, बाई."

आतून सूनबाईचा आवाज आला, मुद्दाम मोठ्यानं, की आत्या, तुम्हाला कळत नाही का, घरात पोटुशी पोर आहे. त्यांनी ऐकलं. मी ऐकलं हेही त्यांनी पाहिलं. आणि मी, मी काय म्हणाले? म्हणाले, दादा, ऊन वाढायच्या आत निघा आता. गोड आवाजात म्हणाले. ते उठले आणि गेले.

चार दिवस मला घास गेला नाही. पाचव्या दिवशी मी भांडून नातीला हिंगोलीला नेऊन ठेवलं. बरं झालं नेलं, कारण ऐन वेळी अवघड झालं तिचं, ऑपरेशन करावं लागलं. मुलगा झाला. दोघं सुखरूप.

मी पेढ्यांचा डबा घेऊन तांड्यावर गेले. माझी सगळी जुनी लेकरं तिथं, आता स्वतः आईबाप झालेली. घरोघर वाटत चालले. हवालदार दारात बसले होते, जमिनीवर. मला पाहून उठले नाहीत, जवळ बोलावलं नाही. लांबूनच विचारलं, "बाळंतीण?"

"बरी हाय, दादा."

त्यांनी मान हलवली. पोरगं की पोरगी, कुठं झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. डबा माझ्या हातात उघडा होता. माझ्या मनात काय आलं ते मी इथं लिहितेय, कारण दुसरीकडं कुठं बोललेली नाही. मनात आलं, पंधरा दिवसांचं लेकरू आहे, कशाला. नुसतं एवढंच. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं, मग नजर काढून घेतली, मला अवघड होऊ नये म्हणून.

मी डब्याचं झाकण लावलं आणि पुढच्या घरी गेले.